बोगस प्रमाणपत्राची बातमी: क्रीडा शोधपत्रकारितेत आधी काय, नंतर काय

टीप मिळते. बातमीदार उत्साहाच्या भरात थेट संघटनेच्या सचिवाला फोन लावतो: "तुमच्यावर असा असा आरोप आहे, काय म्हणणं आहे?" सचिव म्हणतो, "उद्या ऑफिसला या की, चहा घेऊ." दुसऱ्या दिवशी चहा मिळतो, रजिस्टर मिळत नाही. ते बाइंडिंगला गेलेलं असतं. टीप कुणी दिली असेल याचा अंदाज सचिवाला आलेला असतो, त्यामुळे एका प्रशिक्षकाचं नाव पुढच्या निवड शिबिराच्या यादीतून गळतं. बातमी "संघटनेत खळबळ" या मथळ्याखाली चार परिच्छेदांत आटोपते. त्या प्रशिक्षकाखेरीज कुणाचं काही बिघडत नाही.

पहिल्या मोठ्या बातमीच्या वेळी मी हेच केलं होतं. ते रजिस्टर अजून बाइंडिंगहून परत आलेलं नाही. त्यानंतर नव्या बातमीदारांना शिकवताना दिसलं, की धाडस सगळ्यांकडे असतं. गडबड होते ती क्रमात. म्हणून हा लेख टप्प्यांच्या क्रमाने लिहिलाय. टप्पे वर-खाली केलेत तर पुढचा टप्पा बहुधा हातात उरत नाही.

एकच उदाहरण शेवटपर्यंत धरू. ते कल्पित आहे, पण तशी खरी प्रकरणं आपल्याकडे घडलेली आहेत. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, आणि ट्रॅम्पोलिनसारख्या फारशा न खेळल्या जाणाऱ्या खेळांच्या बनावट प्रमाणपत्रांवर नोकऱ्या मिळवल्याचं उघडकीला आलेलं आहे. समजा तुम्हाला टीप आली: "अमुक खेळाची २०१३ची राज्य स्पर्धा झालीच नव्हती, पण तिची प्रमाणपत्रं लावून लोक सरकारी नोकरीला लागलेत."

टप्पा १: टीप फोडा

हे एक वाक्य नाही, तीन दावे आहेत. स्पर्धा झाली नाही. तरी तिची प्रमाणपत्रं निघाली. त्या प्रमाणपत्रांवर नोकऱ्या मिळाल्या. प्रत्येकाचा पुरावा वेगळ्या ठिकाणी मिळेल, आणि एक सिद्ध झाला म्हणून दुसरा आपोआप सिद्ध होत नाही. वहीत तीन पानं करा.

प्रत्येक पानाच्या उजव्या बाजूला एक रकाना आखा आणि त्यावर "निर्दोष शक्यता" असं लिहा. स्पर्धा ठरल्या जागी झाली नाही, कारण ती पुढे ढकलून दुसऱ्या गावात घेतली. प्रमाणपत्रावरची सही नव्या सचिवाची आहे, कारण मूळ प्रमाणपत्र हरवलं म्हणून दुय्यम प्रत दिली. हा रकाना मी सक्तीने भरायला लावतो. पोरं कुरकुरतात, पण उत्तराच्या टप्प्यावर समोरचा नेमकं यातलंच काहीतरी काढतो, आणि तेव्हा आपण तयार असतो.

टीप कुणी दिली हेही पाहा. आपल्याकडे एका खेळाच्या दोन-दोन संघटना असणं नवं नाही, आणि प्रत्येकीच्या मते दुसरी बोगस असते. विरोधी गटातल्या माणसाने दिली म्हणून टीप खोटी ठरत नाही. पण त्याने दिलेला कागद त्याच्याच हातून आलाय, एवढं लक्षात ठेवून तीच गोष्ट दुसरीकडून मिळवावी लागते.

*तपासा:* तुमचा प्रश्न होय किंवा नाही असं उत्तर येईल इतका नेमका आहे का? "संघटनेत गैरव्यवहार आहे का?" हा प्रश्न नव्हे. "१२ ते १४ जानेवारी २०१३ला त्या मैदानावर ती स्पर्धा झाली का?" हा प्रश्न.

टप्पा २: आधी स्वतःची झडती

तुम्ही त्या संघटनेच्या खर्चाने कधी स्पर्धेला गेला होतात का? किटबॅग, ट्रॅकसूट, हॉटेलची खोली? तुमचा भाऊ त्यांच्या पंच मंडळात आहे का? तुम्ही स्वतः त्या खेळात जिल्ह्याकडून खेळलात का? यातलं काहीही असेल तर ते संपादकाला लेखी कळवा. कदाचित बातमी दुसऱ्याने करावी लागेल. हे आधी सांगितलं तर ती फक्त माहिती असते. बातमी आल्यावर संघटनेने पत्रकार परिषदेत सांगितलं तर तो तुमच्यावरचा आरोप होतो.

रोज त्याच संघटनेच्या बातम्या करणाऱ्यावर दबाव जास्त येतो. निकाल वेळेवर मिळणार नाहीत, पास मिळणार नाही. शक्य असेल तिथे रोजचं वार्तांकन एकाकडे आणि शोध दुसऱ्याकडे द्यावा. छोट्या दैनिकात ही चैन नसते. तिथे निदान संपादकाशी बोलून ठेवा की पास बंद झाला तर निकाल कुठून मिळवायचे.

मग फायली. मिळालेला प्रत्येक कागद किंवा फोटो मूळ स्थितीत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायचा, त्यावर एक रेघही ओढायची नाही. खुणा फक्त कॉपीवर. सोबत एक कालरेषा: तारीख, घटना, कोणत्या कागदावरून. स्रोतांची नावं या फायलीत नकोत. तिथे खूण लिहा, आणि कोणती खूण कुणाची हे घरच्या कागदी वहीत ठेवा.

टप्पा ३: आवाज न करता मिळणारे कागद

माहिती अधिकाराचा अर्ज ही पहिली पायरी नाही. सगळ्यात जास्त चूक इथे होते. माहिती त्रयस्थ पक्षाची असेल, म्हणजे संघटनेची किंवा एखाद्या उमेदवाराची, तर कलम ११ प्रमाणे जन माहिती अधिकारी त्या पक्षाला नोटीस पाठवून त्याचं म्हणणं मागवू शकतो. म्हणजे तुमचा अर्ज हीच त्यांना मिळालेली वर्दी. म्हणून जे कुणाला न कळता मिळतं ते आधी गोळा करा.

महाराष्ट्रातल्या बहुतेक क्रीडा संघटना १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या असतात. अशा संस्थेचा नोंदणी क्रमांक 'एफ' अक्षराने सुरू होतो. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात तीन गोष्टी मागा: परिशिष्ट १चा उतारा, बदल अर्ज (सगळे 'चेंज रिपोर्ट' म्हणतात) आणि वार्षिक हिशेबपत्रकं. कोण कधीपासून पदाधिकारी होतं, हे बदल अर्जातून कळतं. आपल्या उदाहरणात हाच कागद सगळ्यात मोलाचा ठरेल. हिशेबपत्रकात २०१२-१३ सालात स्पर्धेचा खर्चच दाखवलेला नसेल तर तेही टिपून ठेवा.

त्यानंतर शासन निर्णय, महाटेंडर्स या राज्य शासनाच्या संकेतस्थळावरच्या निविदा आणि न्यायालयांच्या संकेतस्थळावरचे खटले. दोन गट भांडत असतील तर त्यांनी एकमेकांविरुद्ध दाखल केलेल्या प्रतिज्ञापत्रांत निम्मी बातमी लिहिलेली असते. शेवटी वाचनालय. राज्य स्पर्धा झाली असेल तर स्थानिक दैनिकात निदान दोन ओळी आलेल्याच असणार. जानेवारी २०१३ची फाईल उघडून एकेक पान उलटा. कंटाळवाणं काम आहे, पण पहिल्या दाव्याला याच्याइतका स्वस्त पुरावा नाही.

अमेरिकेतल्या 'इंडियानापोलिस स्टार'चं काम याच रीतीने उभं राहिलं. २०१६ साली त्यांच्या बातमीदाराने जॉर्जिया राज्यातल्या एका खटल्याची कागदपत्रं प्रत्यक्ष तिथे जाऊन मिळवली. प्रशिक्षकांविरुद्धच्या लैंगिक छळाच्या तक्रारी अमेरिकी जिम्नॅस्टिक्स संघटना वर्षानुवर्षं फाईलबंद करून ठेवत होती, हे त्यातून दिसलं. पहिली बातमी ४ ऑगस्टला आली. ती वाचून रेचल डेनहॉलंडर या माजी जिम्नॅस्टने वृत्तपत्राला ईमेल केला, आणि १२ सप्टेंबरला संघटनेचा डॉक्टर लॅरी नासर याच्याबद्दलची बातमी छापून आली. कागद भक्कम होते म्हणून पुढची माणसं स्वतःहून आली.

टप्पा ४: माहिती अधिकाराचा अर्ज

महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय, आणि तो दीडशे शब्दांच्या आत. नमुना 'अ', दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. प्रतींसाठी पानामागे दोन रुपये. हाती दिलात तर पोच घ्या. पोच नसेल तर अर्ज केलाच नव्हता असं समजा.

अर्ज कुणाला करायचा इथेही गाडी रुळावरून घसरते. अनेक संघटना "आम्ही सार्वजनिक प्राधिकरण नाही", म्हणजे माहिती अधिकार आम्हाला लागूच नाही, म्हणून हात वर करतात. मग तुम्ही वर्षभर अपिलात. त्याऐवजी ज्याने पैसे दिले, मैदान दिलं किंवा प्रमाणपत्र तपासलं, त्या सरकारी कार्यालयाला विचारा. जिल्हा क्रीडा अधिकारी, विभागीय उपसंचालक, पुण्यातलं क्रीडा व युवक सेवा संचालनालय, महापालिकेचा क्रीडा विभाग. कागदाची दुसरी प्रत त्यांच्याकडे असतेच.

"का" विचारू नका. "स्पर्धा न होता प्रमाणपत्रं कशी दिली?" याला उत्तर येईल, "सदर माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची असल्याने देता येत नाही." अभिलेख मागा, नावानिशी आणि तारखेसह:

"२०१२-१३ या वर्षात (अमुक) खेळाच्या राज्य स्पर्धेबाबत आपल्या कार्यालयात आलेला अहवाल, सहभागी संघांची यादी, निकालपत्रक, तसेच या स्पर्धेच्या प्रमाणपत्रांच्या पडताळणीच्या नस्तीतील टिपणी व पत्रव्यवहार यांच्या साक्षांकित प्रती."

उमेदवारांची नावं मागितलीत की वैयक्तिक माहिती म्हणून कलम ८(१)(जे) पुढे येतं. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने ते कलम आणखी घट्ट केलंय. जनहिताचा मुद्दा आता कलम ८(२)खाली मांडावा लागतो, आणि तो अर्जातच मांडा. त्याहून सोपा मार्ग कलम १०चा. नावं झाकून बाकी माहिती द्या, असं आधीच लिहून ठेवा. किती जणांनी त्या एकाच स्पर्धेची प्रमाणपत्रं लावली आणि कोणत्या वजनगटात किती 'सुवर्णपदकं' निघाली, हे नावांशिवायही कळतं. एका वजनगटात पाच पहिले क्रमांक निघाले तर नावं हवीत कशाला?

तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर तोही नकारच. पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, वीस रुपयांचा स्टॅम्प. त्यानंतर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. तिथे फार वेळ जातो, म्हणून दुसऱ्या अपिलावर बातमी अडकवून ठेवू नका.

*सावधान:* अर्जावर तुमचं नाव-पत्ता असतो आणि तो फुटतो. टीप देणाऱ्याच्या नावाने अर्ज कधीही करायला लावू नका. अर्जातला मजकूरही असा हवा की तो वाचून "हे फक्त अमक्यालाच माहीत होतं" असं कुणाला म्हणता येऊ नये.

टप्पा ५: कागदांची एकमेकांशी गाठ घाला

शोधपत्रकारिता प्रत्यक्षात होते ती इथे, आणि इथेच लोक घाई करतात. एक कागद काहीच सांगत नाही. दोन कागद शेजारी ठेवले की बोलायला लागतात.

प्रमाणपत्रावर तारीख २०१३ची, आणि सही करणारा सचिव बदल अर्जाप्रमाणे २०१६ला पदावर आलेला. प्रमाणपत्र २०१३चं, पण खेळाडूचा संघ 'पालघर जिल्हा'. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ला अस्तित्वात आला. प्रमाणपत्र २०१५चं आणि त्यावर 'छत्रपती संभाजीनगर' छापलेलं. हे अधिकृत नाव २०२३चं. अशा तारखांचं एक पान मी भिंतीवर चिकटवून ठेवलंय. खोटा कागद करणारा माणूस सही-शिक्क्याची काळजी घेतो आणि जिल्ह्याच्या नावावर घसरतो.

मग बाकीचे धागे ओढा. त्या दिवसांत ते मैदान कुणाच्या नावावर होतं, भाड्याची पावती कुणी फाडली? पंचांची प्रवासभत्त्याची बिलं आहेत का? गुणपत्रकं कुठे आहेत? प्रमाणपत्रांचे अनुक्रमांक सलग आहेत की मध्येच उडी आहे? ज्याने पदक जिंकलं तो त्याच दिवशी कॉलेजच्या परीक्षेला तर बसलेला नव्हता?

प्रत्येक विसंगती सापडली की परत उजव्या रकान्यात जा. दुय्यम प्रत असेल तर तिच्यावर तशी नोंद आहे का, ती देण्याचा ठराव आहे का?

वयचोरीच्या बातम्यांत तर हा रकाना जीव वाचवतो. संघातल्या चार मुलांची जन्मतारीख १ जून दिसली की नवा बातमीदार उडीच मारतो. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या शाळेत नाव घालताना गुरुजींनी सरसकट १ जून लिहिलेला आहे. माझ्या स्वतःच्या घरात असे दोन वाढदिवस आहेत. त्यावरून काही सिद्ध होत नाही. एकाच मुलाचे दोन वेगवेगळे जन्मदाखले सापडले तर ती वेगळी गोष्ट. हाडांच्या चाचणीने निघतो तोही वयाचा अंदाजच. तो अंदाज म्हणूनच लिहा.

आकड्यांचंही तसंच. जानेवारी २०१६मध्ये बझफीड आणि बीबीसीने टेनिसमधल्या संशयास्पद बेटिंगवर मोठी बातमी केली. हजारो सामन्यांच्या आकड्यांचं विश्लेषण हाताशी असूनही त्यात संशयास्पद ठरलेल्या खेळाडूंची नावं त्यांनी छापली नाहीत, कारण बेटिंगचा विचित्र कल दिसला म्हणून खेळाडू विकला गेला होता असं सिद्ध होत नाही. निर्णय बरोबर होता. पण पारदर्शकतेसाठी नावं काढून विदा (डेटा) खुली ठेवली, तर अमेरिकेतल्या काही विद्यार्थ्यांनी त्यावरून खेळाडू ओळखून काढले. म्हणून नाव काळं केलं की काम झालं असं समजू नका. वजनगट, गाव आणि साल शिल्लक असेल तर माणूस तीन मिनिटांत सापडतो. आपल्या उदाहरणातला तक्ता छापताना हे विसराल तर ज्याचा गुन्हा सिद्ध नाही असा एखादा शिपाई गावभर बदनाम होईल.

पैशाच्या प्रकरणात रोकडवही आणि बँकेचं विवरण महिन्यागणिक शेजारी ठेवायचं. डिसेंबर २०२४मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय क्रीडा संकुलातून एकवीस कोटींहून जास्त रक्कम वळवल्याचा गुन्हा दाखल झाला. संशय होता महिना तेरा हजार पगाराच्या एका कंत्राटी कर्मचाऱ्यावर. एवढी रक्कम कुणाच्या नजरेतून सुटू शकते, तर नुसता लेखापरीक्षण अहवाल वाचून समाधान मानणाऱ्या बातमीदाराच्या नजरेतूनही सुटू शकते.

*तपासा:* तिन्ही दाव्यांना निदान दोन परस्परांवर अवलंबून नसलेले पुरावे आहेत का? एकाच कागदाची छायाप्रत दोघांकडून मिळाली तर तो एकच पुरावा.

टप्पा ६: माणसांकडे, बाहेरून आत

आधी त्या काळी खेळत होते आणि आता संघटनेवर काहीच अवलंबून नाही असे लोक: निवृत्त पंच, खेळ सोडलेले खेळाडू, मैदानाचे जुने माळी आणि पहारेकरी. माळ्याला कुणी विचारत नाही. त्या आठवड्यात मैदान खणलेलं होतं की नाही हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नसतं. मग संघटनेतून बाहेर पडलेले. मग आतले. आरोप ज्याच्यावर आहे तो सगळ्यात शेवटी.

बोलायला सुरुवात करण्याआधी अटी ठरवा. 'ऑफ द रेकॉर्ड' या शब्दाचा अर्थ प्रत्येकजण वेगळा लावतो, म्हणून सरळ मराठीत विचारा: "हे तुमच्या नावाने छापू? नाव न देता छापू? की छापायचंच नाही, फक्त मला समजावं म्हणून सांगताय?" वहीत अट आधी लिहा, मजकूर नंतर. पूर्ण सांगून झाल्यावर "हे छापू नका हं" असं सामान्य माणूस म्हणाला तर मी ऐकतो. पदाधिकारी म्हणाला तर नाही. याला कुठलाही नियम नाही; राजकारण्यासारखं रोज पत्रकारांशी बोलणारा माणूस आणि आयुष्यात पहिल्यांदा बोलणारी कुस्तीगीर मुलगी यांना एकच माप लावणं मला जमत नाही.

नाव न छापण्याचं वचन द्यायचं तर ते काय वजनाचं आहे हेही सांगा. १९७८च्या प्रेस कौन्सिल कायद्याप्रमाणे कौन्सिलपुढच्या कामकाजात पत्रकाराला स्रोत सांगायला भाग पाडता येत नाही. न्यायालयात मात्र तसं सरसकट कवच नाही. "काही होणार नाही" असं कधी म्हणू नका. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगच्या संघात मालिशचं काम करणाऱ्या एमा ओ'रायलीने डोपिंगबद्दल नावानिशी सांगितलं, तर तिच्यावरच खटला झाला आणि तिची जाहीर बदनामी झाली. ती खरं बोलत होती हे जगाने मान्य करेपर्यंत बरीच वर्षं गेली. बोलणाऱ्याला ही किंमत आधी माहीत हवी.

व्हॉट्सॲपचा स्क्रीनशॉट हा पुरावा नव्हे, ती टीप आहे. ज्याच्या फोनवर तो संदेश आहे त्याच्या हातात फोन ठेवूनच मूळ चॅट पाहा, मागचे-पुढचे संदेश वाचा, क्रमांक कुणाचा ते तपासा.

टप्पा ७: खेळाडू लहान असेल तर

क्रीडा बातमीत बोलणारा माणूस बऱ्याचदा चौदा-पंधरा वर्षांचा असतो, हे विसरायला होतं. पालकांच्या परवानगीशिवाय आणि त्यांच्यापैकी कुणी सोबत असल्याशिवाय मुलाखत नको. प्रशिक्षक सोबत चालणार नाही. आरोप त्याच्यावरच असू शकतो.

विषय लैंगिक छळाचा असेल तर नियम कडक आहेत. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या कलम २३प्रमाणे मुलाचं नाव, फोटो, घर, शाळा, परिसर, कुटुंब किंवा ज्यावरून ओळख पटेल असं काहीही छापणं गुन्हा आहे. क्रीडा बातमीदार नेमका इथे फसतो. नाव देत नाही, पण लिहितो: "चौदा वर्षांखालील जिल्हा संघाची यष्टिरक्षक." तशी एकच मुलगी असते. खेळ, वयोगट, पदक, शिबिराचं गाव यातलं किती ठेवायचं हे संघाची यादी समोर ठेवून ठरवा. प्रौढ पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२खाली गुन्हा आहे.

*थांबा:* पोक्सोखालचा गुन्हा घडल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं कलम १९प्रमाणे प्रत्येकाला बंधनकारक आहे. त्यातून पत्रकार सुटलेला नाही. म्हणून मुलाला किंवा पालकांना "हे कुणालाच सांगणार नाही" असं वचन देऊ नका. बोलणं सुरू होण्याआधीच सांगा की असं काही कळलं तर मला कळवावं लागेल. १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक जवळ ठेवा. बातमी नंतर.

टप्पा ८: छुपा कॅमेरा

थोडक्यात: बहुतेक वेळा नको. दुसऱ्या कुठल्याही मार्गाने पुरावा मिळत नाही, विषय मोठ्या जनहिताचा आहे, आणि संपादकाने लेखी परवानगी दिलीय, या तिन्ही गोष्टी असतील तरच. आणि ज्याच्या डोक्यात गुन्हा नव्हता त्याला पैसे दाखवून गुन्हा करायला लावायचा नाही. २०१०मध्ये लॉर्ड्स कसोटीतलं स्पॉट फिक्सिंग मझर महमूद या पत्रकाराने वेषांतर करून उघडकीला आणलं, त्यात पाकिस्तानचे तीन खेळाडू तुरुंगात गेले. तोच महमूद २०१६मध्ये वेगळ्या एका प्रकरणात पुराव्याशी छेडछाड केल्याबद्दल तुरुंगात गेला.

आपल्या उदाहरणात "मला पण एक प्रमाणपत्र हवंय" म्हणून गिऱ्हाईक बनून जायचा मोह होईल. कागद पुरेसे असतील तर त्याची गरजच नाही.

टप्पा ९: उत्तराची संधी

आता सचिवाला फोन. नुसता फोन नाही, लेखी प्रश्नही. प्रत्येक आरोप वेगळा, क्रमांक घालून, तारखेसह. "आपल्यावर काही आरोप आहेत, त्याबद्दल प्रतिक्रिया द्यावी" ही उत्तराची संधी नव्हे. त्याला काय छापणार आहात ते कळलं पाहिजे, कुणी सांगितलं ते नाही.

मी तीन कामाचे दिवस देतो. संध्याकाळी सहाला ईमेल टाकून रात्री आठच्या आवृत्तीत "संपर्क होऊ शकला नाही" असं छापणं ही लबाडी आहे. ज्या ज्या माणसाचं नाव येणार त्या प्रत्येकाला स्वतंत्र संधी द्या. संघटनेच्या अध्यक्षाने दिलेलं उत्तर त्यातल्या लिपिकाचं उत्तर होत नाही.

उत्तर आलं की परत टप्पा पाचवर. "स्पर्धा पुढे ढकलून मे महिन्यात घेतली" असं ते म्हणाले तर मे २०१३ची वृत्तपत्रं पाहायची. दोनदा माझी पूर्ण बातमी याच टप्प्यावर मेली आहे. वाईट वाटतं, पण ती छापून आल्यावर मेली असती तर जास्त वाईट वाटलं असतं.

दबाव याच काळात येतो: जाहिरात विभागातून, आमदारांच्या स्वीय सहायकाकडून, कधी जुन्या प्रशिक्षकाकडून "बाळा, खेळाचं नाव खराब होईल" असा. प्रत्येक फोनची तारीख-वेळ लिहा आणि संपादकाला सांगा.

टप्पा १०: लिहिणं

भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६खाली अब्रुनुकसानी हा आजही फौजदारी गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत शिक्षा. आणि तिथे "खरं होतं" एवढं पुरत नाही. खरं होतं आणि ते छापणं लोकहिताचं होतं, दोन्ही दाखवावं लागतं. बातमीच्या मसुद्याची एक छापील प्रत काढा, प्रत्येक वाक्याच्या बाजूला त्याचा कागद क्रमांक लिहा. ज्याला क्रमांक नाही ते वाक्य काढा. मग वकिलाला दाखवा.

शब्द जपून. 'कथित' लावलं की काहीही लिहायला मोकळे, हा आपल्या डेस्कवरचा लाडका गैरसमज आहे. कथित चोर म्हटलं तरी वाचकाला चोरच ऐकू येतं. 'बोगस', 'रॅकेट', 'घोटाळा' हे शब्द मथळ्यात येण्याआधी ते आतल्या मजकुरात सिद्ध झालेत का ते पाहा. गुन्हा दाखल होणं, आरोपपत्र आणि दोष सिद्ध होणं या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. डोपिंगमध्येही पहिल्या नमुन्याचा फुटलेला निकाल म्हणजे अंतिम निर्णय नव्हे. खेळाडूला दुसरा नमुना तपासून घेण्याचा आणि सुनावणीचा हक्क असतो.

काय सिद्ध झालं नाही तेही लिहा. "ही स्पर्धा त्या तारखांना त्या मैदानावर झाल्याची नोंद चार ठिकाणी मिळाली नाही. प्रमाणपत्रं घेणाऱ्यांना हे माहीत होतं का, हे स्पष्ट झालेलं नाही." असं वाक्य बातमीला कमजोर करत नाही. ज्या खेळाडूने खरंच घाम गाळला आणि ज्याच्या हातात संघटनेने खोटा कागद ठेवला, त्याच्यासाठी ते फार मोठं असतं.

मथळा डेस्कवर तयार होतो, म्हणून पान जाण्याआधी तो स्वतः वाचा.

टप्पा ११: छापून आल्यावर

सकाळी सगळ्यात आधी ज्यांनी माहिती दिली त्यांना फोन करा. काही त्रास झाला का, पुन्हा संध्याकाळी विचारा, आठवड्याने विचारा.

चूक निघाली तर दुरुस्ती त्याच ठळकपणे, काय चुकलं होतं ते सांगून. इंटरनेटवरचा मजकूर गुपचूप बदलू नका. फाईल फेकू नका. नोटीस अनेक महिन्यांनी येते. आणि पहिल्याच आठवड्यात पुढचा अर्ज टाका: "या प्रकरणी आपल्या कार्यालयाने केलेल्या चौकशीचा आदेश, चौकशी अधिकाऱ्याची नेमणूक व अहवाल यांच्या प्रती." नमुना 'अ', दहा रुपयांचा स्टॅम्प, पोच घ्यायला विसरू नका.